ज्युरी ड्युटी (अमेरिका)

अमेरिकेतील न्यायालयांत खटल्याचा निकाल देण्यासाठी सामान्य नागरिकांना सोडतीने निवडून बोलावले जाते. या बंधनकारक कामाला ज्युरी ड्युटी म्हणतात. मतदानाला गेले नाही तरी कोणी विचारत नाही, ज्युरीच्या समन्सला मात्र उत्तर द्यावेच लागते. शिक्षक, ट्रकचालक, निवृत्त नर्स, सॉफ्टवेअर अभियंता अशा कोणाच्याही नावे ते निघू शकते आणि त्यासाठी कायद्याचे ज्ञान लागत नाही. फौजदारी खटल्यात ज्युरी मिळण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीने दिला. संघीय न्यायालयांतील वीस डॉलरहून मोठ्या दिवाणी दाव्यांसाठी तोच हक्क सातव्या दुरुस्तीत आहे. दोन्ही दुरुस्त्या 1791 पासून लागू आहेत. हक्क पक्षकारांचा असला तरी तो पुरा करण्याचा भार गावातल्या लोकांवर पडतो. सोडत सर्वांना सारखी लागते, पण भार सर्वांना सारखा जड जात नाही. ज्युरी ड्युटीबद्दलच्या लोकांच्या अनुभवांतला बराचसा भाग या फरकाशी येऊन ठेपतो.

नाव कसे निघते

नावे मुख्यतः मतदारयादीतून घेतली जातात. बहुतेक राज्ये तिला वाहनपरवान्यांची यादीही जोडतात. संघीय न्यायालयांत सोडतीची पद्धत 1968 च्या कायद्याने सक्तीची झाली. त्याआधी अनेक ठिकाणी गावातल्या प्रतिष्ठितांना नावे सुचवायला सांगत. साहजिकच तेच दुकानदार, तेच बँकवाले आणि तेच चर्चमधले पुढारी पुन्हा पुन्हा ज्युरीत बसत. कृष्णवर्णीयांना ज्युरीतून वगळणारा वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1880 मध्येच रद्द केला होता, तरी दक्षिणेत त्यांना बाहेर ठेवण्याचा प्रकार पुढे अनेक दशके चालू राहिला. मिसिसिपी राज्यात स्त्रियांना ज्युरीत बसण्याची मुभा मिळायला 1968 उजाडले. स्त्रियांना सरसकट यादीबाहेर ठेवणे घटनाबाह्य आहे, हे 1975 च्या टेलर विरुद्ध लुइझियाना या निकालाने पक्के झाले. आज समन्स आले की कपाळाला आठ्या पडतात, पण याच समन्ससाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात झगडून जागा मिळवली आहे. हा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

संघीय ज्युरीसाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत, अमेरिकी नागरिकत्व हवे, त्या न्यायक्षेत्रात किमान एक वर्ष वास्तव्य हवे आणि कामापुरते इंग्रजी यायला हवे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरून नागरी हक्क परत न मिळालेली व्यक्ती अपात्र ठरते. राज्यांचे नियम थोडेफार निराळे आहेत. न्यू मेक्सिकोच्या राज्यघटनेनुसार इंग्रजी किंवा स्पॅनिश येत नाही एवढ्या कारणाने कोणालाही ज्युरीबाहेर ठेवता येत नाही, म्हणून तिथे ज्युररसाठी, म्हणजे ज्युरीतल्या सदस्यासाठी, दुभाषी बसवतात. परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा आधी काढलेले विमानाचे तिकीट दाखवून तारीख पुढे ढकलून मिळते. मात्र समन्स केराच्या टोपलीत टाकणे महागात पडू शकते. संघीय कायद्यात गैरहजेरीसाठी एक हजार डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे.

वाट पाहण्याचा दिवस

ज्युरीत बसून आलेल्यांपेक्षा नुसते कोर्टात बसून परतलेले लोक कितीतरी जास्त भेटतात. अनेक काउंटींत (जिल्ह्यासारख्या विभागांत) समन्सवर एक गट क्रमांक असतो. आदल्या संध्याकाळी फोनवर किंवा संकेतस्थळावर पाहायचे, की आपल्या गटाला उद्या यायचे आहे का. ‘येण्याची गरज नाही’ असे दिसले तरी आठवडाभर रोज संध्याकाळी तेच करावे लागते. त्या आठवड्यात दुकानाची पाळी लावता येत नाही, मुलांना शाळेतून कोण आणणार तेही ठरत नाही.

बोलावले तर सकाळी आठच्या सुमारास कोर्टाच्या दाराशी रांग लागते. पट्टा काढा, पाकीट ट्रेमध्ये ठेवा, धातुशोधक चौकटीतून जा. आत ज्युरीच्या दालनात समन्सवरचा बारकोड स्कॅन करून छातीवर ‘ज्युरर’ असा बिल्ला लावतात, मग ज्युरीचे महत्त्व सांगणारी एक चित्रफीत दाखवतात. त्यानंतर नुसते बसायचे. कोणी लॅपटॉप उघडतो, कोणी विणकाम काढतो, कॉफीच्या यंत्रापाशी अनोळखी लोक पार्किंगच्या तक्रारी करतात. मधूनच ध्वनिक्षेपकावर क्रमांक पुकारतात आणि तीसचाळीस जण उठून वर जातात. उरलेल्यांना दुपारी आभार मानून घरी सोडतात.

दिवस फुकट गेला असे पुष्कळांना वाटते, आणि ते वाटणे समजण्यासारखे आहे. पण या रिकाम्या दिसणाऱ्या दालनाचाही उपयोग होत असतो. अमेरिकेत फार थोडी प्रकरणे सुनावणीपर्यंत पोहोचतात. संघीय न्यायालयांतील 97 टक्के आणि राज्यांतील 94 टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीवर होतात, असे सर्वोच्च न्यायालयानेच 2012 च्या मिसूरी विरुद्ध फ्राय या निकालात नमूद केले आहे. त्यातल्या कित्येक कबुल्या, म्हणजे सरकारपक्षाशी झालेल्या तडजोडी, सुनावणीच्या सकाळी, ज्युरी खाली तयार बसलेली असताना होतात. आपल्या तिथे असण्याने एखादा खटला मिटला हे त्या दालनातल्या माणसाला कोणी सांगत नाही. न्यायालयांनी ते सांगायला हवे.

प्रश्नोत्तरे आणि वगळणी

वर गेलेल्यांना न्यायाधीश आणि वकील प्रश्न विचारतात. घरात कोणी पोलीस आहे का? तुमच्याकडे कधी चोरी झाली आहे का? साक्षीदार पोलीस आहे एवढ्यावरून त्याच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवाल का? हिंसेच्या किंवा लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात हे प्रश्न थेट माणसाच्या आयुष्यात शिरतात. घरच्यांनाही न सांगितलेली गोष्ट भरल्या कोर्टात अनोळखी लोकांसमोर सांगावी लागेल, या भीतीने कित्येकांच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी न्यायाधीशांशी बाजूला बोलण्याची विनंती करता येते. अनेकांना ही सोय आहे हेच ठाऊक नसते.

निःपक्ष राहता येणार नाही असे दिसले तर त्या व्यक्तीला कारण नोंदवून वगळतात. याखेरीज दोन्ही बाजूंना कारण न देता काही जणांना वगळण्याचा अधिकार असतो. संघीय गंभीर गुन्ह्यांत सरकारपक्षाला अशा सहा, तर बचावपक्षाला दहा संधी मिळतात. या अधिकाराआडून कृष्णवर्णीयांना बाहेर काढले जाई. 1986 च्या बॅटसन विरुद्ध केंटकी निकालाने वंशावरून वगळण्यास मनाई केली आणि 1994 मध्ये हाच नियम स्त्री-पुरुष भेदालाही लागू झाला. तरी वकिलाने दुसरे एखादे कारण पुढे केले की हेतू सिद्ध करणे कठीण जाते. ॲरिझोना राज्याने तर 1 जानेवारी 2022 पासून बिनकारण वगळण्याचा अधिकारच काढून टाकला. ‘आभारी आहोत, तुम्ही जाऊ शकता’ एवढेच ऐकून बाहेर पडणाऱ्याला सुटल्यासारखे वाटते. आपल्यात काय खोट दिसली, हा प्रश्नही त्याच्या मनात राहून जातो.

रोजगार आणि भत्ता

संघीय न्यायालयात ज्युररला दिवसाला 50 डॉलर मिळतात. संघीय किमान वेतन तासाला 7.25 डॉलर, म्हणजे आठ तासांचे 58 डॉलर. देशाचे सरकार न्यायदानासाठी नागरिकाचा आख्खा दिवस घेते आणि स्वतःच ठरवलेल्या किमान मजुरीहून कमी पैसे हातावर ठेवते. राज्यांतली स्थिती अनेकदा याहून वाईट आहे. कॅलिफोर्नियात पहिल्या दिवसाचे काहीच मिळत नाही, दुसऱ्या दिवसापासून रोज 15 डॉलर मिळतात. लॉस एंजेलिससारख्या शहरात तेवढ्यात जेवण आणि दिवसभराचे पार्किंगही भागत नाही.

ज्युरीला गेला म्हणून नोकरीवरून काढता येत नाही, असे कायदा सांगतो. त्या दिवसांचा पगार द्यावा अशी सक्ती मात्र संघीय कायद्यात नाही. मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती सहसा पगार देतात. हातावर पोट असलेल्यांचे काय? उबर चालवणारा, घरे साफ करणारी, तासाच्या मजुरीवर गोदामात राबणारा, एकट्याने दुकान सांभाळणारा यांच्यासाठी तीन आठवड्यांचा खटला म्हणजे थकलेले घरभाडे. हे लोक न्यायाधीशांसमोर हात वर करून अडचण सांगतात, बहुधा सोडलेही जातात. मग ज्युरीत उरतात निवृत्त, पगारदार आणि सुस्थितीतले. आरोपी मात्र पुष्कळदा त्याच गरीब वस्तीतला असतो जिथले लोक नुकतेच घरी पाठवले गेले. समाजाचा सर्व थरांतला नमुना ज्युरीत असावा हे कायद्याचे उद्दिष्ट भत्त्याच्या आकड्यापाशी अडखळते, आणि या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष हाच आहे.

यावर उपाय नाही असे नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस मालकाने नेहमीचा पगार द्यायचा आणि चौथ्या दिवसापासून राज्याने रोज 50 डॉलर द्यायचे, असा नियम आहे. सॅन फ्रान्सिस्कोने 2022 मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या ज्युररना दिवसाला 100 डॉलर देण्याचा प्रयोग सुरू केला. तिथे एरवी अडचण सांगून परतले असते असे लोक ज्युरीत बसू शकले.

खटला आणि बंद खोली

निवड झालेल्यांचे जगणे खटला संपेपर्यंत बदलते. घरी नवरा-बायकोलाही काही सांगायचे नाही, बातम्या टाळायच्या, आरोपीचे किंवा रस्त्याचे नाव इंटरनेटवर शोधायचे नाही. जेवणाच्या सुटीत बाराजण एकत्र बसतात पण ज्या एका गोष्टीमुळे ते एकत्र आले तीच बोलायची बंदी असते, म्हणून गप्पा मुलांच्या फुटबॉलवर आणि हवेवर चालतात. क्वचित ज्युरीला हॉटेलात बाहेरच्या जगापासून तोडून ठेवतात. माजी अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन यांच्यावरील 1995 च्या खुनाच्या खटल्यात ही कोंडी जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत चालली, कित्येक ज्युरर मध्येच बदलावे लागले, आणि शेवटी निकाल चार तासांहून कमी चर्चेत लागला.

सगळे पुरावे संपले की न्यायाधीश कायदा समजावून सांगतात आणि ज्युरी आतल्या खोलीत जाते. मध्ये लांब टेबल, पुराव्यांच्या फायली, कागद, पेन्सिली. मोबाइल बहुधा बाहेर काढून घेतलेले असतात, दाराशी बेलिफ (न्यायालयाचा शिपाई). एकाला प्रमुख निवडतात. शंका आली तर ती कागदावर लिहून बेलिफकरवी न्यायाधीशांना पाठवायची, उत्तरही तसेच रीतसर येते. पहिल्या फेरीत हात वर करून किंवा चिठ्ठीने मत घेतात आणि तिथे कळते, की तोच साक्षीदार ऐकून बाराजणांनी किती वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या आहेत. एखाद्याला साक्षीदाराचा आवाज खोटा वाटलेला असतो, तर शिड्यांवरच्या कामात आयुष्य काढलेली बाई सांगते की साक्षीदार म्हणतो तशी शिडी उभी राहूच शकत नाही. सामान्य माणसांना बोलावण्यामागचा अर्थ अशा क्षणी दिसतो.

गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरवायला एकमत लागते. लुइझियाना आणि ओरेगॉनमध्ये 10 विरुद्ध 2 मतांवरही शिक्षा होत असे. 2020 च्या रामोस विरुद्ध लुइझियाना निकालाने ते थांबवले. अकराजण एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला, हा ज्युररला येणारा सर्वांत कठीण अनुभव. तिढा सुटेना तर न्यायाधीश पुन्हा प्रयत्न करायला सांगतात. या सूचनेला 1896 च्या ॲलन खटल्यावरून नाव पडले आहे, आणि तिने एकट्या पडलेल्यावर दडपण येते अशी टीका तिच्यावर होत आली आहे. तरीही एकमत झाले नाही तर खटला निष्फळ ठरतो आणि नव्या ज्युरीपुढे पुन्हा चालवता येतो. निकाल वाचून झाल्यावर वकिलाने मागणी केली तर प्रत्येक ज्युररला उभे करून विचारतात, ‘हा तुमचाच निकाल आहे ना?’ समोर आरोपी आणि त्याचे घरचे बसलेले असताना हो म्हणणे सोपे नसते. खुनाच्या खटल्यातली छायाचित्रे पाहिलेल्यांची झोप उडते. टेक्सासच्या कायद्यात अशा ज्युररसाठी समुपदेशनाची तरतूद आहे.

मुंबईची ज्युरी

मराठी वाचकाला ज्युरी माहीत असते ती दोन खटल्यांमुळे. 1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांची ज्युरी होती, सात युरोपीय आणि दोन पारशी. लेख ‘केसरी’तले, म्हणजे मराठी, आणि ज्युरीपुढे आली ती इंग्रजी भाषांतरे. त्यांतल्या चुका टिळकांनी कोर्टात दाखवूनही 7 विरुद्ध 2 मतांनी ते दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. एकमताची अट असती तर या मतांवर दोषी ठरवता आले नसते. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील 1959 च्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही, प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले आणि तिथे जन्मठेप झाली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. पारशी विवाह व घटस्फोट कायद्याखालील मुंबईच्या न्यायालयात मात्र आजही न्यायाधीशांसोबत समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. फरक असा, की त्यांची नावे आधीच नेमून ठेवलेली असतात, सोडतीने निघत नाहीत.

नवे नागरिक

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ज्युरी ड्युटी पहिल्यांदा भेटते ती नागरिकत्वाच्या परीक्षेच्या तयारीत. तिच्या 2008 च्या प्रश्नसंचात, फक्त नागरिकांचीच असलेली एक जबाबदारी सांगा, या प्रश्नाचे एक मान्य उत्तर ‘ज्युरीत काम करणे’ हे होते. ही दारे भारतीयांना सहज उघडली नाहीत. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना 1910 मध्ये अपील न्यायालयापर्यंत झगडून नागरिकत्व टिकवावे लागले. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अपात्र ठरवले आणि 1946 च्या कायद्याने ती बंदी उठली.

वाहनपरवान्याच्या यादीतून नाव गेल्यामुळे एच-1बी किंवा ग्रीनकार्डवर असलेल्यांनाही कधीकधी समन्स येते. त्यांनी प्रश्नावलीत नागरिक नसल्याचे स्पष्ट लिहून ती परत पाठवायची असते. चुकूनही ‘नागरिक आहे’ अशी खूण करू नये, कारण नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे देशाबाहेर काढण्यापर्यंत नेऊ शकतो. दुसरा धोका फोनवरचा आहे. ‘तुम्ही ज्युरी ड्युटी चुकवली, अटकेचे वॉरंट निघाले आहे, आत्ता गिफ्ट कार्डने दंड भरा’ असे सांगून पैसे उकळणाऱ्या टोळ्या अनेक राज्यांत आहेत. कोर्ट फोनवरून पैसे मागत नाही. असा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि समन्सवर किंवा कोर्टाच्या संकेतस्थळावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करून घ्यावी.