तेलात बुडवलेला संगणक

घरचा संगणक पंख्यांच्या वाऱ्यावर न सोडता वीज न वाहणाऱ्या तेलात बुडवून गार ठेवण्याची हौशी पद्धत. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, वीज पुरवणारा एसएमपीएस असा सगळा संसार फिशटँकमध्ये उभा करतात आणि वरून खनिज तेल ओततात. चालू सर्किटला तेल सगळीकडून भिडलेले असते, तरी काही जळत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा प्रकार अघोरी वाटतो. पण रस्त्याकडेची डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), वर्षानुवर्षे हेच करत आली आहे. रोहित्राची वेटोळी तेलातच असतात आणि टाकीबाहेरच्या नळ्यांतून किंवा पन्हळी पत्र्यातून ते तेल निवते. डीपीतले तेल चोरीला गेले की वेटोळी का जळतात, हे खेड्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

तेलाचा फायदा साधा आहे. तापमान एका अंशाने वाढेपर्यंत एक लिटर तेल जेवढी उष्णता पोटात घेते, ती एक लिटर हवेच्या हजाराहून जास्त पट असते. पाणी तर तेलाच्याही दुपटीहून अधिक घेते, पण ते इथे चालत नाही. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नसली, तरी धातूंना लागताच त्यात क्षार उतरतात आणि मग शॉर्टसर्किट ठरलेले.

मात्र तेल उष्णता घेते, संपवत नाही. एका टँकमध्ये ४० लिटर तेल आहे आणि संगणक ३०० वॉट खातो, असे धरू. तेल बाहेर काहीच उष्णता सोडत नसेल, तर साडेतीन-चार मिनिटांना एक अंश या गतीने ते तापत जाईल आणि दोन तासांच्या आत ३० अंशांनी चढेल. प्रत्यक्षात काचेतून थोडी उष्णता बाहेर जाते, म्हणून चढ हळू होतो. पहिल्या संध्याकाळी सगळे झकास वाटते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, संगणक रात्रभर चालू राहिल्यावर. म्हणून पंप लावून तेल रेडिएटरमधून फिरवावे लागते आणि त्या रेडिएटरला पुन्हा पंखेच लागतात. पंख्यांपासून सुटका म्हणून सुरू केलेला खटाटोप असा फिरून पंख्यांपाशीच येतो.

ही कल्पना घरात उपजलेली नाही. सीमोर क्रे यांच्या ‘क्रे-२’ या १९८५ च्या महासंगणकाची सर्किटे फ्लुओरिनर्ट या द्रवात बुडवलेली होती. त्यातल्या बुडबुड्यांवरून त्याला ‘बबल्स’ असे टोपणनाव पडले. हा द्रव पातळ, तेलकटपणा नसलेला, पण घरगुती हौसेच्या खिशाला न परवडणारा. तो बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात अशा फ्लोरिनयुक्त रसायनांचे उत्पादन २०२५ अखेर बंद करण्याचे जाहीर केले. हौशी मंडळी स्वस्त तेलाकडे वळली ती २००६-०७ च्या सुमारास. टॉम्स हार्डवेअर या संगणकविषयक संकेतस्थळाने २००६ मध्ये चक्क स्वयंपाकाच्या तेलात संगणक चालवून दाखवला, तर २००७ मध्ये अमेरिकेतल्या प्युजेट सिस्टिम्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीने खनिज तेलाचा टँक बांधला. पुढे या कंपनीने त्याचे सुटे संचही विकले. पेटंटच्या अडचणीमुळे ती विक्री थांबली.

खाद्यतेलाने संगणक चालतो, टिकत नाही. ऊब आणि हवा मिळाली की तेल खवट होते, पुढे चिकट होते, आणि खोलीला जुन्या कढईचा वास येतो. खनिज तेलाला, म्हणजे औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन नावाने मिळते त्या जातीच्या तेलाला, ही खोड नाही.

याच हौसेच्या जवळची दुसरी युक्ती म्हणजे संगणकाभोवती फिरणारे पाणी डेझर्ट कूलरसारखे हवेत उडवून, बाष्पीभवनाने निववणे. ती हवामानावर तोललेली आहे. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांवर आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाणी साधारण २४ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईत जूनमध्ये ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना ते २९ च्या खाली जाणार नाही, म्हणजे मेहनत जवळजवळ वाया. संगणक फ्रिजमध्ये ठेवण्याची कल्पना त्याहून फसवी आहे. फ्रिज आतल्या वस्तू एकदा गार करून थांबण्यासाठी बनवलेला असतो. त्यात सतत ३०० वॉट ओतणे म्हणजे आत शेगडी पेटवून दार लावणे. शिवाय दार उघडताच दमट हवेतले दव थेट बोर्डावर बसते. उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन विक्रमांपुरता ठीक. घटकाभरात तो उडून जातो.

तेलाचा खरा त्रास मात्र संथपणे येतो. तेल वायरींच्या आतून, तांब्याच्या तारा आणि वेष्टण यांच्यामधल्या फटीतून वर चढते. दिव्याची वात तेल ओढते तसेच. काही आठवड्यांनी कीबोर्डच्या वायरीच्या टोकाशी टेबलावर एक थेंब दिसतो, पुसला तर पुन्हा येतो. रबरी भाग फुगतात, पीव्हीसी वेष्टण कालांतराने ताठ होऊन तडकते. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी भोक असते. त्यातून तेल शिरले की ती गेलीच, म्हणून ती टँकबाहेर ठेवावी लागते. चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीला हा धोका नाही.

रॅमची एक पट्टी बदलायची तरी कोपरापर्यंत हात तेलात. पट्टी निथळायला रात्रभर टांगून ठेवावी लागते, तरी तिच्या खाचांतले तेल सकाळी बोटाला लागतेच. असा भाग पुढे जुन्या बाजारात विकायला नेला, तर दुकानदार हातात घेण्याआधी वर्तमानपत्र पसरतो.