कोडमध्ये × का चालत नाही? थोडी पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मराठी शाळांत × आणि ÷ घोटून मोठी झालेली मुलं डिप्लोमाला जातात आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला गुणाकारासाठी * टाइप करतात. खरं तर ही चिन्हं संगणकाला जुनी ओळखीची. १९६० च्या अल्गोल या प्रोग्रामिंग भाषेच्या छापील व्याख्येत ×, ÷, ≤, ≠ सगळी होती. यंत्रावर मात्र असेल त्या बटणावर भागवायचं. १९६३ मध्ये आस्की, म्हणजे संगणकातल्या अक्षरांची प्रमाण यादी, ठरली, तिच्या १२८ जागांत × आला नाही. एपीएल या गणिती भाषेने आपल्या चिन्हांसाठी टंकयंत्राचा वेगळा अक्षरगोलक वापरला. तिची वारसदार असलेली 'जे' ही भाषा १९९० मध्ये आस्कीवर परतली.

माझ्या मते वादग्रस्त निर्णय २०१४ चा, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला. पायथनच्या गणिती लायब्ररीत * ने दोन मॅट्रिक्सचा (संख्यांच्या तक्त्यांचा) घटकाला घटक गुणला जाई. मॅट्रिक्सच्या गणितातल्या खऱ्या गुणाकारासाठी फंक्शनच्या कंसांत कंस घालावे लागत, आणि वहीतलं सूत्र पडद्यावर ओळखू येत नसे. वेगळं चिन्ह हवं होतं. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांचा आणि चिन्हांचा सामायिक संच, तर घरात आलेलाच होता: २००८ च्या पायथन ३ पासून 'क्षेत्रफळ = लांबी * रुंदी' हे देवनागरीत चालतं. तरी नवं चिन्ह आस्कीतूनच निवडलं गेलं, @. कारण ठोस होतं: ई-मेलमुळे @ जवळपास प्रत्येक कीबोर्डवर आहे, फोनवरच्यासुद्धा. × आणि रोमन एक्स कित्येक फॉन्टांत चटकन वेगळे दिसत नाहीत, हा आक्षेपही रास्तच. पण गणिताच्या कुठल्याही वहीत @ नसतो आणि ते ओझं शिकणाऱ्यावरच पडतं. @ घेतला ते ठीक, गणितातल्या चिन्हांनाही तेव्हाच सोबत घ्यायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. हे जमतं. राकू या भाषेत × आणि * एकच, ÷ आणि / एकच; ज्याच्या हाताशी जे असेल ते त्याने लिहावं.

ज्युलिया या भाषेत उलटी तिरकी रेघ, चिन्हाचं इंग्रजी नाव आणि टॅब एवढ्यावर × उमटतो. अर्थ मात्र बदलतो: × म्हणजे सदिश गुणाकार (दिशा असलेल्या राशींचा), ÷ म्हणजे पूर्णांक भागाकार. ७ ÷ २ चं उत्तर ३ येतं, आणि शाळेतला अर्थ घेऊन आलेल्या मुलाला इथे ठेच लागते.

देवनागरीचा प्रश्न याहून अवघड आहे. प्रोग्रामच्या वाक्यरचनेसाठी युनिकोडने जो चिन्हसंच राखून ठेवला आहे, त्यात × आणि ÷ आहेत, आपला दंड (।) नाही. भाषा घडवणाऱ्याला तो वापरायची मनाई नाही, पण कीबोर्डवरच्या उभ्या रेघेशी त्याचा गोंधळ होणारच. आणि तो राखीव संच पुढे कधीही बदलायचा नाही, असं धोरण आहे.