नागपंचमीचा झेंडू आणि रात्र मोजणारी शेवंती

दसऱ्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा असेल, तर नागपंचमीच्या सुमारास रोपं लावावीत. त्यामागचा हिशेब सोपा आहे. रोप लावल्यापासून साधारण ६० ते ६५ दिवसांत झेंडू फुलावर येतो आणि श्रावण शुद्ध पंचमी ते आश्विन शुद्ध दशमी हे अंतर जवळपास तेवढंच असतं. २०२५मध्ये नागपंचमी २९ जुलैला होती, दसरा २ ऑक्टोबरला. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठामुळे दोन्ही सण पुढे सरकले : १७ ऑगस्ट आणि २० ऑक्टोबर. मधेच अधिक भाद्रपद किंवा अधिक आश्विन आला, तरच हे गणित मोडतं. बी मात्र रोपं लावण्याच्या तीन-चार आठवडे आधी, म्हणजे आषाढातच टाकायचं.

शेवंतीला हा हिशेब लागू पडत नाही. तिच्या काश्या, म्हणजे बुंध्याशी येणारे फुटवे, एप्रिल-मेमध्ये लावतात, पावसाळाभर ती नुसती पानं वाढवते आणि शरद ऋतूत कळ्या धरते. ती चालते सूर्याच्या हिशेबाने. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. रात्र मोठी होत जाते, हाच तिच्यासाठी कळ्या धरण्याचा इशारा.

दिवसाची लांबी झाडाचं फुलणं ठरवते, हे गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२०मध्ये दाखवलं. पण झाडाला ते कळतं कुठे? कळी तर शेंड्याला येते. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात याच शेवंतीच्या शेंड्याकडची पानं काढून टाकली. खालच्या पानांना मोठी रात्र दिली आणि उघड्या शेंड्याला मोठा दिवस. तरीही शेंडा फुलला! म्हणजे रात्र मोजली पानांनी आणि निरोप गेला शेंड्याला. त्या न सापडलेल्या निरोप्याला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ म्हटलं. तो पानात तयार होऊन शेंड्यापर्यंत जाणारं एक प्रथिन आहे, हे पक्कं व्हायला २००७ उजाडलं. इतक्या साध्या प्रयोगातून इतकं नेमकं अनुमान काढणं मला फार मोलाचं वाटतं.

याचा बागेत थेट उपयोग आहे. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला, तरी शेवंतीच्या लेखी ती मोठी रात्र तुटते. रस्त्याच्या दिव्याखाली किंवा रात्रभर ट्यूब जळणाऱ्या गॅलरीत शेवंती हिरवीगार दिसते, पण कळ्या धरत नाही. अशा वेळी खत वाढवून काही होत नाही, कुंडी अंधारात हलवावी लागते. पॉलिहाऊसवाले हेच मुद्दाम करतात. रात्री दिवे लावून ते शेवंतीला वाढीतच ठेवतात आणि फुलं हवी असतील त्या बेताने दिवे बंद करतात.

शेंडा खुडायचा तो मात्र दोन्ही झाडांचा. शेंडा गेला की बगलेतल्या फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात, फक्त पहिलं फूल थोडं उशिरा येतं. झेंडूचा शेंडा लावणीनंतर तीन-चार आठवड्यांत खुडावा. शेवंतीला ऑगस्टनंतर हात लावू नये, कारण खुडलेल्या शेंड्याबरोबर येऊ घातलेली कळीही जाते.