इंटिरियरचा व्यवसाय: आधी पीएमईजीपीचा अर्ज, मग दुकानाची पाटी

लातूर, नांदेड, परभणीकडे इंटिरियरची कामं घेणारे बरेच जण आधी दुकान थाटतात, दोन-चार फ्लॅटचं फर्निचर करून देतात आणि मग कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जातात. तोवर उशीर झालेला असतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजेच पीएमईजीपी, ही बँक कर्जावर सरकारी अनुदान देणारी योजना फक्त नव्या व्यवसायाला मिळते. म्हणून पाटी लावण्याआधीच ठरवा.

वय 18 पूर्ण हवं, उत्पन्नाची अट नाही. पती-पत्नीपैकी एकालाच लाभ मिळतो. सेवा व्यवसायाचा प्रकल्प 5 लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास असावं लागतं.

नुसतं डिझाइन आणि देखरेख करणार असाल तर तो सेवा व्यवसाय, प्रकल्पाची मर्यादा 20 लाख. स्वतःच्या वर्कशॉपमध्ये मॉड्युलर किचन, वॉर्डरोब बनवणार असाल तर ते उत्पादन, मर्यादा 50 लाख. प्रकल्प अहवाल लिहून घेताना सीएला हे स्पष्ट सांगा. दुसऱ्याच्या अहवालात नाव बदलून दिलेली कागदं बँक मॅनेजरला पहिल्या पानावरच कळतात.

अनुदान खुल्या प्रवर्गाला शहरात 15 टक्के, ग्रामीण भागात 25 टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना 25 आणि 35 टक्के, आणि स्वतःचा वाटा 10 ऐवजी फक्त 5 टक्के. धाराशिव आकांक्षित जिल्हा, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेला जिल्हा, असल्याने तिथल्या खुल्या प्रवर्गातल्या अर्जदारालाही हाच वाढीव दर आहे. हे तिथल्या पोरांनी सोडू नये. समजा गावात वर्कशॉप टाकणाऱ्या महिलेचा प्रकल्प 10 लाखांचा आहे: पदरचे 50 हजार, अनुदान साडेतीन लाख. मात्र ते पैसे हातात येत नाहीत. बँक ते तीन वर्षं ठेव म्हणून बाजूला ठेवते आणि तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लावत नाही.

अर्ज ऑनलाइन, खादी आयोगाच्या पोर्टलवर. आधार, पॅन, फोटो, शैक्षणिक दाखला, प्रकल्प अहवाल, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि ग्रामीण अनुदान हवं तर ग्रामीण भागाचा दाखला. यंत्रांची कोटेशनही जमवून ठेवा. कर्ज मंजूर झाल्यावर उद्योजकता प्रशिक्षण करावं लागतं. 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेला तारण मागता येत नाही, हे लक्षात असू द्या. भरण्याआधी अर्ज सुरू आहेत का, ते उद्योग केंद्रात विचारा.

व्यवसाय सुरू झाला की उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, करा. ती मोफत आहे, आधार-पॅनवर घरबसल्या होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट टाळा. पाटीवर ‘आर्किटेक्ट’ लिहू नका, 1972 च्या कायद्याने तो हुद्दा नोंदणीकृत वास्तुविशारदांचाच आहे. जीएसटीची मर्यादा सेवेसाठी वर्षाला 20 लाख. पण माल-मजुरीसकट काम घेतलं तर प्लायवूड, लॅमिनेट, हार्डवेअर धरून पूर्ण बिल उलाढालीत जातं आणि ही मर्यादा मोठ्या बंगल्याच्या एकाच कामात ओलांडली जाते.

उद्यम क्रमांक प्रत्येक कोटेशनवर आणि बिलावर छापा. एखाद्या हॉटेलने किंवा हॉस्पिटलने डिझाइनची फी अडवली, तर लेखी करार असल्यास 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यायची कायद्याने सक्ती आहे. त्यापुढे चक्रवाढ व्याज लागतं आणि लघुउद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. त्यासाठी कामाची ऑर्डर लेखी हवी, निदान ईमेलवर तरी.