बग्ज समोर आला की डॅफी जळकुकडा काऊन होते

कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये सुरू झालं, पण आमच्या गावाकडं ते पोचलं घराघरावर छत्र्या लागल्या तेव्हा, अन् पोट्ट्यायनं सगळी जुनी कार्टून्स उलटीसुलटी पाहिली, म्हणजे तीसच्या दशकातलं अन् पन्नासच्या दशकातलं एकाच दुपारी. म्हणून अजूनही कोणी ना कोणी विचारते, का लूनी ट्यून्स कार्टूनमधलं बदक, डॅफी डक, कधी निव्वळ येडा अन् कधी इतका मतलबी कसा काय?

तर १९३७ चा डॅफी खरंच येडा होता. दिग्दर्शक टेक्स एव्हरीच्या त्या पहिल्या कार्टूनमध्ये शिकारी म्हणजे पोर्की पिग नावाचं डुक्कर, अन् हा तळ्यावर हू-हू करत उड्या मारते, त्याले कोणाकडून काही नको, फक्त धिंगाणा पाहिजे. पोर्की पडला साधाभोळा, त्याच्यापुढं हे चालून जाते.

मग १९४० मध्ये बग्ज बनी हा ससा आला, तो डोकं थंड ठेवून दुसऱ्याची जिरवणारा. दिग्दर्शक चक जोन्सचा नियमच होता का बग्ज आधी कोणाच्या वाटेले जात नाही, समोरच्यानं डिवचलं पाहिजे. म्हणजे डॅफीले त्याच्यासमोर उभं करायचं तर डिवचायचं काम डॅफीकडंच आलं ना! १९५१ च्या ‘रॅबिट फायर’मध्ये (लेखक मायकल माल्टिझ) डॅफी सशाच्या पायाचे खोटे ठसे उमटवत शिकारी एल्मर फडला थेट बग्जच्या बिळापर्यंत आणून सोडते. मग शिकारीचा सीझन सशाचा का बदकाचा यावर दोघांची जुंपते, बग्ज भांडता भांडता हळूच आपली बाजू पलटवते, डॅफी रागाच्या भरात स्वतःच म्हणते बदकाचा सीझन, चालव गोळी! अन् चोच फिरून डोक्याच्या मागं. येडेपणा गेला, जळकुकडेपणा आला, अन् मला विचाराल तर हाच डॅफी खरा, कारण आता त्याले काहीतरी पाहिजे असते अन् ते मिळत नाही.

पूर्व विदर्भात वडसा-ब्रह्मपुरीकडं मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री झाडीपट्टीचं नाटक पाहणाऱ्याले हे वेगळं सांगावं लागत नाही, तोच विनोदी नट सासऱ्यासमोर वेगळा अन् गड्यासमोर वेगळा रंगते.

कोयोट नावाच्या कोल्ह्यासारख्या जनावराचं तर याहून भारी. १९४९ पासून रोडरनर पक्ष्याच्या मागं पळताना तो तोंडातून शब्द काढत नाही, पण १९५२ मध्ये त्याले बग्जशी भिडवलं अन् तो बोलायला लागला, तेही कसं, बिळापाशी सोबत आणलेला दरवाजा उभा करून, टकटक करून, मी जीनियस आहे अशी स्वतःची ओळख करून देते! रोडरनरपुढं बोलून फायदा काय, तो थांबतच नाही. बग्ज ऐकून घेते, मग शहाणपणा मिरवायले जागा भेटते.

जोडी चुकली का मात्र वाट लागते. १९६५ पासून डॅफीले स्पीडी गोन्झालेस या उंदराच्या मागं लावलं, अन् स्पीडी पडला चपळ, हसतमुख, त्याच्याशी तोंडातोंडी होतच नाही, त्यामुळं डॅफी नुसता खडूस झाला. राग तोच, पण तो राग त्याच्यावरच उलटवणारा समोर कोणी राहिला नाही.