पुढचं पुस्तक: पसंतीक्रम लावायचा की चालतील त्यांवर खुणा करायच्या?

वाचनगटात पुढचं पुस्तक ठरवायची वेळ आली की कुणीतरी सुचवतं, ‘एकच मत कशाला? दोन-तीन देऊ द्या.’ सूचना चांगली आहे, पण ती दोन प्रकारे अमलात येते. एक म्हणतो, पुस्तकांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम द्या. दुसरी म्हणते, वाचायला चालतील त्या सगळ्यांपुढे खूण करा. ऐकणाऱ्यांना हे दोन्ही सारखंच वाटतं. मग काही चिठ्ठ्यांवर आकडे येतात, काहींवर खुणा, आणि मोजायला बसलेली व्यक्ती दोन्हींचा जमेल तसा मेळ घालते. अशा मोजणीतून पुस्तक निघतं खरं, पण गटाला नक्की काय हवं होतं ते त्यातून कळत नाही.

पसंतीक्रम विचारतो: या पुस्तकांपैकी जास्त हवंसं कोणतं आणि कमी कोणतं? खूण विचारते: हे पुस्तक ठरलं तर वाचून याल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकांची एकमेकांशी तुलना करूनच देता येतं. दुसऱ्याचं उत्तर प्रत्येक पुस्तकापुरतं स्वतंत्र असतं, एकाला हो म्हटलं म्हणून दुसऱ्याचा हो कमी होत नाही.

फरक किती पडतो हे एका उदाहरणात पाहू. गटात अकरा जण आहेत आणि यादीत तीन पुस्तकं: एक जाडजूड कादंबरी, एक आत्मचरित्र आणि एक कथासंग्रह. पाच जणांचा क्रम कादंबरी, कथासंग्रह, आत्मचरित्र असा आहे. चौघांचा बरोबर उलटा: आत्मचरित्र, कथासंग्रह, कादंबरी. उरलेल्या दोघांना आधी कथासंग्रह हवा, मग आत्मचरित्र, शेवटी कादंबरी.

प्रत्येकाला एकच मत दिलं असतं तर कादंबरी पाच मतांवर जिंकली असती, अकरापैकी सहा जणांनी तिला तळाशी ठेवलेलं असूनही. आता क्रम मोजू. सर्वांत कमी पहिली पसंती मिळालेलं पुस्तक बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीकडे वळवायची, ही क्रम मोजायची सर्वांत परिचित रीत. कथासंग्रहाला पहिली पसंती दोनच, म्हणून तो बाद. ती दोन मतं आत्मचरित्राकडे जातात आणि ते सहा विरुद्ध पाच असं जिंकतं. पण त्याच चिठ्ठ्या गुण देऊन मोजा, पहिल्या क्रमाला दोन, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला शून्य. कादंबरीला दहा, आत्मचरित्राला दहा आणि कथासंग्रहाला तेरा गुण मिळतात. दोन-दोन पुस्तकांची थेट लढत लावली तरी कथासंग्रहच वरचढ ठरतो: कादंबरीला तो सहा-पाचनं हरवतो, आत्मचरित्राला सात-चारनं. म्हणजे दोघांनाही हरवू शकणारं पुस्तक बाद करण्याच्या रीतीत सगळ्यांत आधी बाहेर पडलं. चिठ्ठ्या त्याच होत्या, फक्त मोजायची रीत बदलली. म्हणून क्रम लावायला सांगणाऱ्यानं ते कसे मोजणार हे चिठ्ठ्या वाटायच्या आधीच सांगायला हवं. मोजणीनंतर रीत ठरवणं म्हणजे निकालच निवडणं.

हा वाद गणितज्ञांत फार जुना आहे. गुणांची रीत फ्रान्समध्ये ज्याँ-शार्ल द बोर्दा यांनी १७७० साली मांडली, आणि थेट लढतींचा आग्रह धरणाऱ्या काँदोर्से यांचा ग्रंथ १७८५ चा. पुढे १९५१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी सिद्ध केलं की तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर न्याय्य वाटणाऱ्या मोजक्या साध्या अटी एकाच वेळी पाळणारी क्रमाची कोणतीच पद्धत नाही. वाचनगटाच्या दृष्टीनं यात मला दिलासाच वाटतो. निर्दोष पद्धत शोधत बसायचं कारण उरत नाही. आपल्या कामाला कोणती योग्य, एवढंच ठरवायचं.

आता तेच अकरा जण खुणा करतात असं समजा. कादंबरीवाल्या पाचांपैकी चौघे कथासंग्रहापुढेही खूण करतात. आत्मचरित्रवाल्या चौघांपैकी तिघे तसंच करतात. उरलेल्या दोघांची खूण कथासंग्रहापुढे असतेच, शिवाय त्यांच्यातला एक जण आत्मचरित्रालाही हो म्हणतो. बेरीज: कादंबरी पाच, आत्मचरित्र पाच, कथासंग्रह नऊ. हे नऊ म्हणजे वाचून येतो म्हणणारी नऊ माणसं. गटाला हाच आकडा हवा असतो, कारण पुस्तक ठरल्यावर खरा प्रश्न असतो तो बैठकीला किती जण ते वाचून येतात याचा.

ही माहिती क्रमातून मिळतच नाही. ‘दुसरा क्रमांक’ म्हणजे ‘पहिल्याइतकंच आवडेल’ असू शकतं, किंवा ‘आनंदानं वाचणार नाही, पण तिसऱ्यापेक्षा बरं’ असंही. दोन्ही चिठ्ठ्या दिसायला सारख्या. वाचेन आणि वाचणार नाही यांच्यामधली रेघ क्रमाच्या यादीत कुठे पडते, ते कुणी सांगत नाही. विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांनी यावर चांगला तोडगा काढला आहे. तिथे मतदार पसंतीक्रम लावतात, पण यादीत ‘पुरस्कार कुणालाच नको’ हाही एक पर्याय असतो आणि त्यालाही क्रम देता येतो. हा पर्याय शोभेपुरता नाही: २०१५ मध्ये पाच विभागांत तोच जिंकला. क्रमच लावायचे असतील तर वाचनगटानंही यादीत ‘यापुढचं वाचणार नाही’ अशी एक ओळ ठेवावी. लोक ती कुठे घालतात हे पाहूनच बरंच काही समजतं.

खुणेच्या पद्धतीचा उणा भाग तिच्या गुणातच आहे. ती ओढ मोजत नाही. ज्या पुस्तकासाठी कुणी महिनोन् महिने वाट पाहिली आणि जे कुणाला नुसतं चालण्यासारखं वाटलं, त्या दोघांच्या खुणा सारख्याच भरतात. त्यामुळे प्रत्येक वेळी खुणांवरच ठरवलं, तर कुणालाच न खटकणारी पुस्तकं पुढे जात राहतात आणि अवघड, धारदार, निम्म्या गटाला नकोशी वाटणारी पुस्तकं यादीतच राहून जातात. अशा पुस्तकांवरच्या बैठकी बहुतेक वेळा जास्त रंगतात, त्यामुळे हे नुकसान मला खरोखर मोठं वाटतं. यावर मोजणीचा नाही, पाळीचा उपाय आहे: दर तीन-चार बैठकांनंतर एक पुस्तक मतदानाविना, पाळीनं एकेका सदस्यानं निवडायचं.

डावपेच दोन्हीकडे होतात. क्रमात, विशेषतः गुण मोजताना, आपल्या पुस्तकाच्या तगड्या स्पर्धकाला मुद्दाम तळाशी टाकता येतं. खुणेत आपण सुचवलेल्या एकाच पुस्तकापुढे खूण करून थांबता येतं. मला दुसरा प्रकार कमी घातक वाटतो, कारण त्यात कुणाला खोटं सांगावं लागत नाही, फक्त हात आखडता घेतला जातो. मात्र एक गोष्ट नव्या सदस्यांना सांगून ठेवावी. सगळ्यांपुढे खुणा केल्या की आपल्या मताचा निकालावर काहीच परिणाम होत नाही, सगळी पुस्तकं सारखीच वर सरकतात.

मग कुठे काय वापरावं? नेहमीच्या निवडीला, यादी लांब असताना, खुणाच. आठ-दहा पुस्तकांना क्रम लावायला सांगितलं तर वरची दोन आणि तळाचं एक विचारानं ठरतं, मधले आकडे हाताला येतील तसे पडतात, आणि मोजणी मात्र त्यांनाही तितकंच खरं मानते. क्रम राखून ठेवावा तो खुणांतून पुढे आलेल्या तीन-चार पुस्तकांसाठी, जेव्हा निवड मोठी असते: अनेक बैठका चालणारं खंडात्मक पुस्तक, किंवा लेखकाला बोलावून होणारी चर्चा. अशा वेळी नुसतं चालेल पुरत नाही, ओढही असावी लागते.

प्रश्नाची भाषा नीट असावी. ‘कोणती पुस्तकं आवडतील?’ असं विचारलं की माणसं आपल्याला शोभतील अशा पुस्तकांपुढे खुणा करतात. ‘पुढच्या बैठकीपर्यंत यांतली कोणती वाचून याल?’ असं विचारलं की पानं, वेळ, उपलब्धता हे सगळं उत्तरात आपोआप येतं. गटाच्या चॅटवर पोल टाकत असाल तर एकाहून अधिक पर्याय निवडण्याची सोय चालू आहे ना ते आधी पाहावं, ती बंद असेल तर ही पद्धतच उरत नाही. शिवाय तिथे मतं येत जातील तशी सगळ्यांना दिसतात आणि उशिरा येणारे पुढे असलेल्या पुस्तकाकडे झुकतात. गट छोटा असेल तर एकानं सगळ्यांची उत्तरं खासगीत घेऊन निकाल एकदमच सांगावा.

छोट्या गटात बरोबरी वारंवार होते. नाणं उडवण्याआधी एक प्रश्न विचारून पाहावा: यांपैकी कोणतं पुस्तक कुणाला अगदीच नको आहे? संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसपदासाठी सुरक्षा परिषदेत जी चाचपणी होते, तिच्यात सदस्य प्रत्येक उमेदवाराबद्दल प्रोत्साहन, विरोध किंवा मत नाही असं नोंदवतात. तसा तिसरा कप्पा बरोबरीच्या वेळी वाचनगटालाही उपयोगी पडतो. नऊ-नऊ खुणा मिळालेल्या दोन पुस्तकांपैकी एकाला उरलेले दोघे ‘मत नाही’ म्हणत असतील आणि दुसऱ्याला ‘नकोच’, तर पहिलं घ्यावं. दुसरं खोडू नये, पुढच्या यादीत सगळ्यांत वर लिहून ठेवावं.