स्टोअर्ड प्रोसिजरमधील ट्रान्झॅक्शन

डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोसिजरने (नावाने बोलावता येणाऱ्या आदेशांच्या संचाने) केलेले, एकमेकांवर अवलंबून असलेले बदल एकतर सगळे पक्के करणे (कमिट) किंवा सगळे मागे घेणे (रोलबॅक), ही पद्धत.

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा सौदा झाला की पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, बनते. खरेदीदाराच्या नावे रक्कम पडते, हमाली-तोलाई वजा जाता उरलेली शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते. या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असतील आणि मध्येच लाईट गेली, तर अर्धी पट्टी मागे राहत नाही. सर्व्हर पुन्हा सुरू होताना लॉग (बदलांची नोंदवही) वाचून कमिट न झालेले बदल रद्द करतो.

खरा पेच ट्रान्झॅक्शन कोणाचे, हा आहे. दिवसभराच्या पट्ट्या करणारी प्रोसिजर एकेका पट्टीची प्रोसिजर बोलावते. ओरॅकल या डेटाबेस प्रणालीत आतल्या प्रोसिजरने कमिट केले, तर बाहेरचीने तोवर केलेले कामही पक्के होते. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या प्रणालीत आतले कमिट फक्त उघड्या ट्रान्झॅक्शनची मोजणी एकाने कमी करते. आतला रोलबॅक मात्र बाहेरच्यासकट सगळे पुसतो, आणि मोजणी जुळत नाही म्हणून 266 क्रमांकाची त्रुटीही येते. म्हणून ज्याने ट्रान्झॅक्शन उघडले त्यानेच ते कमिट किंवा रोलबॅक करून बंद करावे, हा नियम बरा. ते आधीच उघडे असेल तर आतल्या प्रोसिजरने सेव्हपॉइंट (मधली खूण) ठेवून तिथपर्यंतच मागे यावे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 2018 च्या 11व्या आवृत्तीपासून प्रोसिजरच्या आत कमिट करता येते. पण कॉल करणाऱ्याने आधीच ट्रान्झॅक्शन उघडले असेल तर नाही. मायएसक्यूएलच्या प्रोसिजरमध्ये ‘बिगिन’ने ट्रान्झॅक्शन नव्हे, ब्लॉक (आदेशांचा गट) सुरू होतो, तिथे ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ लिहावे लागते. शिवाय मध्येच टेबलाची रचना बदलली की गुपचूप कमिट होते.

रोलबॅकबरोबर त्रुटीची नोंदही जाते, आणि पट्टी का अडली हे कळेनासे होते. त्यासाठी ओरॅकलमध्ये स्वायत्त ट्रान्झॅक्शन आहे. त्याचे कमिट मूळ ट्रान्झॅक्शनपासून अलग असते. ते त्रुटी टिपण्यापुरतेच वापरावे. त्यातून खात्याच्या नोंदी करू गेल्यास मूळ ट्रान्झॅक्शनने धरलेल्या ओळीवरच ते अडू शकते आणि डेडलॉक होतो, म्हणजे दोन्ही एकमेकांची वाट पाहत अडकतात.